चंद्राच्या वॉलेटचे तीन राखणदार

"येत्या रविवारी तुझा आवाज घरी आणतो का न्हाय, बघच तू!"

केसरीनाथने हे छाती पुढे काढून सांगितलं. सांगितलं कोणाला, तर भिंतीवरच्या फोटोला. फोटोतली चंद्रा होती तशीच बघत राहिली. नवऱ्याच्या बढायांवर तिने जिवंतपणी कधी विश्वास ठेवला नव्हता, आता कुठून ठेवणार!

चंद्रा धवलारीण होती. म्हणजे लग्नघरी धवले गाणारी. हळद दळायची असो, मांडव घालायचा असो की नवरीला न्हाऊ घालायचं असो, आगरी घरात धवलारणीने सूर लावल्याशिवाय पुढचं पान हलत नाही. पूर्णा गावापासून वज्रेश्वरीपर्यंत चंद्राला बोलावणी असायची. गावात निम्म्या जणांची लग्नं तिच्याच गळ्यातून लागलेली! आणि गंमत अशी, की ती गेल्यावर तिचा आवाज कुठे म्हणून सापडेना.

केसरीनाथने शोध घेतला नाही असं नाही. घरोघर जाऊन त्याने लग्नाचे व्हिडिओ मागून आणले. लोक म्हणायचे, "अरे, बायको गेल्यावर ह्याला लग्नं बघायचा नाद लागला!" तो व्हिडिओ घेऊन निघायचा. घरी येऊन व्हिडिओ लावायचा. चंद्रा दिसायची. हिरवं लुगडं, कपाळाला मळवट, तोंड उघडून मस्त गातेय. आणि आवाज कोणाचा? सिनेमातल्या हिरोइनीचा! शूटिंगवाल्यांनी प्रत्येक ठिकाणी तिचं गाणं पुसून वर हिंदी गाणं चिकटवलेलं. एका व्हिडिओत तर चंद्राच्या तोंडून चक्क पुरुषाचा जाड आवाज येत होता. तो बघून केसरीनाथ दोन दिवस जेवला नाही.

घरातले फोटो पुष्कळ होते. पण फोटो बोलत नाहीत. सकाळी चहा गाळताना ती स्वयंपाकघरातून काहीतरी सुनावायची. आता चहा गाळल्याचा आवाज यायचा आणि पुढे काहीच यायचं नाही. ते काहीच न येणं त्याला सहन होत नव्हतं.

अशात एक दिवस विशाल आला.

विशाल हा चंद्राच्या मानलेल्या बहिणीचा मुलगा. पूर्णाच्या एका मोठ्या गोडाउनात सुपरवायझर. त्याच गोडाउनच्या वजनकाट्यावर केसरीनाथची ड्युटी. विशाल काट्याच्या केबिनमध्ये घुसला आणि म्हणाला, "काका, मावशीच्या वॉलेटचं काय केलंत?"

"कसलं वॉलेट? ती कमरेला पिशवी लावायची."

"ते न्हाय हो! माझ्या लग्नात मी तिला क्रिप्टो दिलं होतं ना!"

केसरीनाथला आठवलं. धवलारणीला लुगडं, नारळ, तांदूळ आणि वर दक्षिणा द्यायची रीत. विशाल त्या वर्षी क्रिप्टोच्या नादाने पुरता येडा झाला होता. त्याने दक्षिणेची नोट द्यायच्या जागी मांडवातच चंद्राच्या फोनवर वॉलेट उघडून दिलं. चंद्रा घरी येऊन म्हणाली होती, "पोरानं मला हवा दिली दक्षिणा म्हणून!"

"मग काढ ना ती हवा," केसरीनाथ म्हणाला.

"तशी निघत न्हाय. जुन्या वॉलेटना किल्लीसारखे बारा शब्द असायचे. ते पाठ करायचे, जपून ठेवायचे. शब्द हरवले की सगळं पाण्यात! म्हणून मी मावशीला बिनशब्दांचं वॉलेट दिलं. ह्यात शब्दच न्हाईत!"

"मग काय हाय?"

"माणसं!" विशाल मोठ्या अभिमानाने म्हणाला. "तीन राखणदार. मालक गेला किंवा फोन गेला की वारसानं अर्ज टाकायचा. तिन्ही राखणदारांच्या फोनवर तो जातो. एका तासाच्या आत तिघांनी हो दाबलं, की वॉलेट तुमच्या फोनवर. आधी मालकाचा आवाज ऐकवतं, ओळखीचा हाय का विचारतं, तुम्ही हो म्हणालात की उघडतं."

काट्यावर भरलेला कंटेनर उभा होता. केसरीनाथचा हात बटणावरच राहिला.

"काय ऐकवतं?"

"आवाज. मावशीनं भरलाय ना. जास्त न्हाय, थोडाच."

मागे ट्रकांची रांग लागली. ड्रायव्हर ओरडायला लागले, "अरे चाचा, सो गए क्या!" केसरीनाथला काही ऐकूच आलं नाही. त्याला एवढंच कळलं की जगात एका जागी चंद्राचा आवाज अजून आहे, आणि त्यावर कोणी हिंदी गाणं चिकटवलेलं नाही.

"राखणदार कोण?" त्याने विचारलं. "मी असेन ना एक?"

"तुम्ही वारस. ज्याला मिळायचं त्याला राखणीला बसवत न्हाईत. राखणदार म्हणजे तुमची बहीण मनिषा, मावशीची बहीण रीमा, आणि डीजेवाला नामा."

केसरीनाथने कपाळाला हात लावला. "हे तिघं? अरे, हे तिघं एकमेकांच्या सावलीला उभे राहत न्हाईत!"

"तेच तर! मीच मावशीला सांगितलं होतं, एकमेकांशी संधान बांधणार न्हाईत अशी माणसं निवड. मिळून चोरी करतील म्हणून. मावशी म्हणाली, गावात सगळेच एकमेकांचे. मग बोलत न्हाईत तेच घेते! मी म्हटलं, तिघांतल्या दोघांचा होकार पुरे. तर म्हणाली, तसं नको, तिसऱ्याचा मान राहील, तो रुसेल."

केसरीनाथला वाटलं, बारा शब्द परवडले असते. शब्द एकमेकांशी भांडत तरी नाहीत!

आता या तिघांचं वैर एकाच दिवसातलं. रीमाच्या मुलाच्या हळदीतलं. मनिषा राहते कामतघरला, तिच्या नवऱ्याचे पॉवरलूम. हळदीत रीमाने मानाचं म्हणून मनिषाच्या नवऱ्याला भारी शर्टपीस दिला. त्याने कापडावर नुसतं बोट फिरवलं आणि भर मांडवात म्हणाला, "हा आपलाच माल! खिडकीजवळच्या लूमला एक धागा सुटतो, तोच हा!" खोट असलेला सेकंडचा माल म्हणून विकलेलं स्वतःचंच कापड मान म्हणून परत आलेलं! मनिषा पान सोडून उठली. त्याच हळदीत नामाला सोडून रीमाने कल्याणचा डीजे आणला, म्हणून नामा रीमाशी बोलत नाही. आणि त्या कल्याणच्या डीजेच्या दणदणाटाचा राग मनिषाने नामावर काढला. पुढच्याच लग्नात नामाच्या आवाजाची तिने पोलिसांत तक्रार केली. नामा अजून चारचौघांत सांगतो, "लूमच्या खडखडाटात झोपणारी बाई, आणि तिला माझ्या स्पीकरचा त्रास!"

केसरीनाथने अर्ज टाकला आणि तिघांना फोन केले. पण फोनवर काय सांगायचं? "मला बायकोचा आवाज ऐकायचाय," असं म्हणायची त्याला लाज वाटली. साठीला आलेला माणूस, असं बोलतो का कोणी! तो म्हणाला, "ते चंद्राच्या वॉलेटचं जरा उघडायचं हाय."

झालं! सगळ्यांना वाटलं पैशाचंच काम.

मनिषा म्हणाली, "दाबते की दादा. पण आधी तिला दाबू दे."

रीमा म्हणाली, "दाबते की भावोजी. पण आधी तुमच्या बहिणीला दाबू द्या."

त्या वॉलेटमध्ये कोणी हो दाबलं, हे तिघांनाही दिसतं. दोघी बायका तासभर फोनकडे टक लावून बसल्या. मनिषाने गॅसवरचं दूध उतू जाऊ दिलं. रीमाचं वज्रेश्वरीला देवळाजवळ हार-नारळाचं दुकान. भक्त नारळ घेऊन पैसे न देता गेले, तरी तिने मान वर केली नाही. तास संपला. अर्ज रद्द.

नामाने तर सरळ सांगितलं, "त्या दोघी हो म्हणतायत ना? मग माझं न्हाय!"

दुसऱ्या दिवशी केसरीनाथने परत अर्ज टाकला आणि डोकं चालवलं. मनिषाला फोन करून म्हणाला, "अगं, रीमानं दाबलं बघ!"

"खोटं बोलू नको दादा. माझ्यासमोर फोन हाय. तिच्या नावापुढं पांढरंच दिसतंय. तिच्या बाजूनं खोटं बोलायला लागलास?"

अशा रीतीने मनिषा त्याच्यावरही रुसली. प्रकरण होतं त्याहून एका माणसाने वाढलं!

तोवर गावभर बातमी पसरली होती. धवलारीण क्रिप्टोत कोट्यवधी ठेवून गेली! चहाच्या टपरीवर लोक केसरीनाथला खुर्ची द्यायला लागले. जमिनीचा एक दलाल घरी येऊन "शेठ" म्हणून गेला. काट्यावर मॅनेजर येऊन म्हणाला, "केसरीनाथ, आता राजीनामा देणार असाल ना?" ज्याने आयुष्यात कधी त्याच्याकडे बघितलं नव्हतं, तो भरत सरपंच रस्त्यात थांबून म्हणाला, "वहिनींच्या नावाने एक कमान उभारू."

कमान! केसरीनाथला तिचं नुसतं "अहो" ऐकायचं होतं.

शेवटी त्याने रविवारचा बेत आखला. तिघांना वेगवेगळं सांगितलं, "एकटंच यायचं. चंद्राच्या नावाने जेवायला घालतोय." तिघांनाही तेच. मटण आणलं. तांदळाच्या भाकऱ्या मात्र स्वतः थापल्या. पहिली परातीतच फाटली, दुसरी तव्यावर उलटताना तिचे तीन तुकडे झाले. त्याने ते तुकडे टोपलीत अशा हुशारीने मांडले, की लांबून भाकरी वाटावी.

आधी रीमा आली. मग मनिषा आली. ओट्यावर रीमाच्या चपला बघून ती तिथूनच वळणार होती, तेवढ्यात समोरून नामा आला. रस्ता अरुंद. मनिषाला मागे नामा, पुढे रीमा. ती नाइलाजाने आत शिरली.

"दादा, हे काय नाटक!"

"भावोजी, मला सांगायचं तरी! मी आलेच नसते."

"मला तर बिर्याणी सांगितलेली केसरीने," नामा म्हणाला. खरं तर बिर्याणी कोणी सांगितली नव्हती.

विशाल कोपऱ्यात फोन घेऊन बसला होता. त्याने केसरीनाथच्या नावाने अर्ज टाकला. तिघांचे फोन एकदम वाजले. दारात, खिडकीत, गेटवर गाव जमलेलं. कोट्यवधी रुपये कसे निघतात, हे कोणी कधी बघितलं नव्हतं. दोघांनी तर पिशव्या आणल्या होत्या.

"हे बघा," विशाल म्हणाला, "मी एक, दोन, तीन म्हणतो. तीनला तिघांनी एकदम दाबायचं. म्हणजे कोणी आधी न्हाय, कोणी नंतर न्हाय. एक... दोन... तीन!"

कोणीही दाबलं नाही. तिघंही दुसऱ्यांच्या बोटांकडे बघत होते.

"हिनं बोट उचललंच न्हाय!"

"तू उचललंस का?"

"मी दोघींचं बघत होतो," नामा म्हणाला.

"परत! एक... दोन... तीन!"

परत तेच. मनिषाने अंगठा खाली नेला आणि काचेला लागायच्या आधी थांबवला. "मला म्हाईत हाय," ती म्हणाली, "आम्ही दाबायचं आणि पैसा जायचा वहिनीच्या माहेरच्या माणसांना!"

"माहेरचा पैसा तुझ्या बापाचा हाय का?" रीमा उसळली. "माझ्या बहिणीनं घसा फोडून मिळवलेला हाय तो! सेकंडचा माल विकून न्हाय!"

"सेकंडचा माल घेणारं कोण होतं मग?"

"आवाज खाली, आवाज खाली," नामा म्हणाला.

"तू बोलतोस हे?" दोघी एकदम त्याच्यावर तुटून पडल्या. त्या दिवसातलं त्यांचं पहिलं एकमत.

केसरीनाथ मध्ये उभा होता. हातात मटणाचा डाव. घड्याळ पुढे सरकत होतं. त्याच्या डोळ्यांसमोर तो तास संपत चालला होता, आणि त्यात तिचा आवाज बंद होता. आणि ही माणसं सेकंडच्या मालावर भांडत होती. त्याने डाव पातेल्यावर असा आपटला की रस्सा नामाच्या पांढऱ्या शर्टावर उडाला.

"घ्या! तुम्हीच घ्या पैसा! तिघं वाटून घ्या, न्हायतर गावाला वाटा! मला न्हाय पायजे! मला तिचा आवाज ऐकायचाय! वॉलेट उघडायच्या आधी ती बोलते त्यात. तेवढंच पायजे मला. बाकी काय न्हाय."

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, आता हसतील. गावासमोर हे काय बोललो!

कोणी हसलं नाही. खिडकीतल्या एका पिशवीवाल्याने पिशवी मागे लपवली.

"वहिनी बोलते ह्यात?" नामाने विचारलं. रश्शाचा डाग त्याने पुसला नाही. "केसरी, आधी सांगायचं ना रं! मीसुद्धा शोधला तिचा आवाज. माझ्या सगळ्या पेनड्राइव्हमध्ये बघितलं. सगळीकडं माझाच धिंगाणा. ती गायला लागली की मी आवाज वाढवायचो, ती शिव्या द्यायची. मला त्या शिव्या तरी सापडतील असं वाटलं होतं."

आणि त्याने हो दाबलं. नावापुढे हिरवा ठिपका आला.

मनिषाने रीमाकडे बघितलं. रीमाने मनिषाकडे बघितलं. दोघींनी तोंडं फिरवली, आणि तशीच तोंडं फिरवून दोघींनी दाबलं. कोण आधी, हे अजून ठरलेलं नाही. दोघीही म्हणतात, मी.

केसरीनाथचा फोन थरथरला. स्क्रीनवर लिहून आलं, मालकाचा आवाज ऐका.

त्याने बोट लावलं.

आधी मांडवातली कुजबुज. भांड्यांचा आवाज. मग ती.

"चालू झालं का रं विशाल? काय बोलू यात? गाऊ? आता न्हाय बाबा, घसा बसलाय. आमचे हे जेवले का बघा रं कोणी. बोलावल्याबिगर बसायचे न्हाईत, उपाशी राहतील. अहो! पान वाढलंय, चला!"

संपलं.

मग रीमा आपसूक बोलून गेली, "न्हाय गं ताई, जेवले न्हाईत. बसवते आता." बोलली, आणि मग तिला कळलं आपण कोणाला उत्तर दिलं. ती मनिषाच्या खांद्यावर कोसळली. मनिषाने रीमाचा पदर ओढून स्वतःचेच डोळे पुसले. पुसता पुसता पदर बोटांत चोळून बघितला आणि हुंदक्यातच म्हणाली, "हा बरा हाय गं माल."

स्क्रीनवर प्रश्न आला होता. आवाज ओळखीचा आहे का? खाली तीन बटणं. हो. नाही. पुन्हा ऐका.

केसरीनाथने पुन्हा ऐका दाबलं.

"अहो! पान वाढलंय, चला!"

पुन्हा.

"काका, हो दाबा," विशाल कुजबुजला.

पुन्हा.

"काका, तास संपतोय! हो दाबा ना!"

"दाबलं की हा आवाज राहतो?"

"न्हाय. वॉलेट उघडलं की आवाज पुसतात. सुरक्षेसाठी."

"मग कशाला दाबू?"

आणि तो परत परत ऐकत राहिला. बाहेर गाव बोंबलत होतं, "दाबा! दाबा!" सरपंच गेटवर चढला. तास संपला. स्क्रीन कोरी झाली. अर्ज रद्द.

"कोट्यवधी गेले!" कोणीतरी कळवळून ओरडलं.

"गेले न्हाईत," विशाल कपाळ धरून म्हणाला. "परत अर्ज टाकायचा. परत तिघांनी हो म्हणायचं. पण काका, ऐकायचंच असेल तर दुसऱ्या फोनवर भरून घ्यायचं होतं ना!"

हे कोणाला सुचलंच नव्हतं. नामा उठला. "फोन कशाला? पुढच्या रविवारी मी माझा चांगला माईक आणतो. वहिनीचा एक शब्द इकडचा तिकडं होणार न्हाय."

पुढच्या रविवारी नामाने खरंच माईक आणला. पंखा बंद केला. कोंबडी लांब हाकलली. मनिषा आणि रीमा बहिणींसारख्या शेजारी शेजारी तोंडात पदर धरून बसल्या. बहिणी कसल्या, वैरिणीच त्या, पण आता बसल्या खऱ्या. आवाज स्वच्छ भरला गेला. भांड्यांची किणकिणसुद्धा आली. या वेळीही हो दाबायचं राहूनच गेलं, पण त्याबद्दल विशालशिवाय कोणी काही बोललं नाही. सगळे पंगतीला बसले, भाकऱ्या मनिषाने केल्या. रीमाने केसरीनाथला हाक मारली, "भावोजी, पान वाढलंय." तो लगेच उठून आला.

आठवडाभर केसरीनाथने ते रेकॉर्डिंग ऐकलं. सकाळी चहा गाळताना, काट्यावर, संध्याकाळी ओट्यावर. चंद्रा बोलवायची. तो आत जायचा. आत पान वाढलेलं नसायचं.

शनिवारी तो नामाच्या दुकानी गेला. पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "नामा, यात खरखर हाय रं. परत भरावं लागेल. उद्या तिघांना यावं लागेल बहुतेक."

नामाने कानाला हेडफोन लावले. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. परत एकदा ऐकलं. त्यात खरखर नावाला नव्हती. त्याच्या उभ्या आयुष्यात एवढं स्वच्छ रेकॉर्डिंग त्याने केलं नव्हतं. त्याने हेडफोन काढले, केसरीनाथकडे बघितलं, आणि डोळे चोळत म्हणाला,

"हाय रं. लय खरखर हाय. एका रविवारात काय निघायची न्हाय ती. उद्या मटण मी आणतो."